जित्या माणसाचा फोटो

मी जन्माची भित्री. गल्लीत कुत्रं रडलं तरी मी उठून घरातली माणसं मोजते, आणि घराबाहेर पडणारा चुकून ‘जातो’ म्हणाला तर त्याला उंबऱ्यापर्यंत परत बोलावून ‘येतो’ म्हणायला लावते. अशा बाईनं नटाशी लग्न करू नये. नटाचा धंदाच मुळी नको ते बोलायचा. एका नाटकात आमच्या ह्यांना फाशी झाली, दुसऱ्यात ह्यांनी विहीर जवळ केली, आणि दोन्ही वेळा मी पहिल्या रांगेत पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते. लोक म्हणायचे, काय समरस होते ही बाई नाटकात! समरस कसली, मी पडदा पडल्यावर हे उठून उभे राहतात की नाही याची वाट बघत असायचे.

सिडकोत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. मी करमाडच्या शाळेत शिकवायची, रोज एसटीनं जाऊन-येऊन. ह्यांनी तालमी आणि पाळ्या यांचा मेळ बसेना म्हणून चिकलठाण्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. स्पर्धांतून बक्षिसं मिळायची, कौतुक व्हायचं, पण सिनेमावाल्यांचं बोलावणं काही येत नव्हतं. गंगापूरकडच्या गावात सासूबाई आणि सगळी भावकी. तिथं ह्यांना सरळ ‘नाटक्या’ म्हणायचे.

आणि एका हिवाळ्यात सिनेमाच आमच्या शहरात आला. प्रेमाचा विनोदी सिनेमा. त्यातला हिरो काम शोधत फिरणारा नट असतो. एका मायलेकींच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतो आणि त्या लेकीच्या प्रेमात पडतो. तिच्याशी बोलायची छाती होत नाही, म्हणून तिच्या मेलेल्या बापाचा फोटो भिंतीवर असतो त्याच्याशी बोलतो. त्याच्यासमोर संवाद पाठ करतो, त्यालाच मुलीचा हात मागतो, त्याच्यावरच रागावतो. हे गेले होते हिरोच्या मित्राचं काम मागायला. परत आले ते पेढे घेऊन.

“मोठं काम आहे,” हे म्हणाले. “हिरोच्या बरोबरीनं जवळजवळ प्रत्येक प्रसंगात आहे मी.”

“संवाद किती?”

“एक आहे. जुन्या आठवणीच्या प्रसंगात.”

“आणि बाकीच्या प्रसंगांत काय करता?”

“बाकीच्यात मी भिंतीवर आहे.”

मी आधी खो खो हसले. मग पेढा हातातच राहिला. म्हणजे हे मेलेले. म्हणजे फोटोला हार. मी म्हटलं, “अहो, जित्या माणसाच्या फोटोला हार घालतात का कुठं?” तर हे चिडले. “आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या चेहऱ्याला कॅमेरा लावतंय आणि तू हाराचं घेऊन बसलीस!” ह्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी तोंडाला कुलूप लावलं. भीती मात्र कुलपाच्या आतच राहिली.

सिनेमावाल्यांना ह्यांचा तरुणपणीचा, जरा जुनाट दिसणारा फोटो हवा होता. ह्यांनी मला न विचारता लग्नानंतर गुलमंडीच्या स्टुडिओत काढलेला आमचा जोडीचा फोटो नेऊन दिला. त्यांनी त्यातून मला कापून काढलं, ह्यांना मोठं केलं आणि काळ्या चौकटीत बसवलं. तरी ह्यांच्या डाव्या खांद्याशी माझ्या शालूच्या काठाचा एक तुकडा राहूनच गेला. त्याच्या शेजारून चंदनाचा हार खाली उतरलेला. तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी डोळेच मिटून घेतले, आणि आजूबाजूला सगळी हौसेनं ‘छान आलाय’ म्हणत होती.

तो एक संवादाचा प्रसंग खुलताबादला एका जुन्या घरात घेतला. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही गेले. बाप सकाळी दुकानाला निघतो आणि लहानग्या लेकीला सांगतो, “जातो बाळा, दार लोटून घे.” त्याच दिवशी तो मरणार असतो. हे वाक्य घरी तालमीत ऐकल्यापासून मी ह्यांच्या मागे लागले होते की ‘येतो’ म्हणा. ह्यांनी दिग्दर्शकाला विचारूनही पाहिलं. तो हसला. म्हणाला, हा माणूस परत येणारच नाहीये, म्हणून ‘जातो’च पाहिजे, लोकांच्या काळजाला लागलं पाहिजे. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे मलाही कळत होतं. पण त्याच्या घरातला माणूस नव्हता ना तो. कॅमेऱ्यासमोर हे ‘जातो बाळा’ म्हणाले, आणि मी दिवेवाल्यांच्या मागे उभी राहून ओठातल्या ओठात ‘येतो, येतो’ पुटपुटत राहिले.

शूटिंग संपलं आणि जाताना त्या लोकांनी फोटो ह्यांनाच आठवण म्हणून दिला. हे तो हारासकट स्कूटरवर पुढे उभा धरून, सगळ्या सिडकोला दाखवत घरी घेऊन आले. हार काढायला गेले तर निघेना. शॉट बदलला तरी हार जागचा हलू नये म्हणून बारीक चुका मारून तो चौकटीला ठोकलेला होता. ओढला असता तर तुटला असता. ह्यांच्या फोटोवरचा हार माझ्या हातानं तोडायचा, हेही मनाला पटेना. शेवटी मी ती चौकट लोखंडी कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून सरकवून दिली. हे म्हणाले, “नटाला असं तोंड फिरवून बसवतात होय?” मी म्हटलं, “जित्या नटाला बसवतात.”

मग चारच दिवसांत पुण्याहून निरोप आला, डबिंग आहे, संवाद पुन्हा म्हणायचा आहे, या. एका वाक्यासाठी पुण्याला. पण हे लग्नाला निघाल्यासारखे निघाले. सकाळी रिक्षा दारात, मी डबा बांधतेय, आणि ह्यांना चेष्टा सुचली. उंबऱ्यात उभे राहून, त्या सिनेमातल्या आवाजात म्हणाले, “जातो बाळा, दार लोटून घे.” मी डबा घेऊन अनवाणी धावले. डबा ह्यांनी हसत घेतला. “येतो म्हणा,” मी म्हटलं, तोवर रिक्षा सुरू झाली होती. हात हलवला फक्त. ‘येतो’ काही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी परत यायचे होते. आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आमच्याकडे फोन नव्हता, आणि बूथवर जाऊन स्टुडिओला लावायची माझी छाती होत नव्हती, वाईट ऐकू आलं तर? मी शाळेत फळ्यावर गणित लिहायची आणि शेवटची ओळ लिहायची विसरून जायची. एसटीच्या खिडकीतून उलटलेला ट्रक दिसला तरी मी जागेवरून उठून बघायची, आणि तो ट्रक तर जालना रोडवर, पुणे भलत्याच दिशेला. पण भीतीला कुठं दिशा असते?

त्या शनिवारी संध्याकाळी शाळेतून आले तर शेजारच्या भाभी दारातच थांबलेल्या. नळाला एक दिवसाआड पाणी, आणि ते यायचं मी करमाडला असताना. म्हणून आमची किल्ली त्यांच्याकडे असायची. त्या आमचा ड्रम भरून ठेवायच्या.

“गांव से एक बुढ्ढी आयी थी,” भाभी म्हणाल्या. “दरवाजे में खडी रही, अंदर देखी, दो बातां पूछी, और मैं चाय बोली तो रोने लगी. चप्पल पाँव में डाली और चली गयी.”

वर्णनावरून ती माझी चुलतसासू होती. गावाहून इतक्या लांब आलेली बाई रडते, चहाला थांबत नाही आणि मला भेटल्याशिवाय परत जाते, याचा अर्थ काय लावायचा? मी भाभींना काय विचारलं ते मला आठवत नाही. भात टाकला तो तसाच गेला. हे सगळीकडे पत्ता गावाचा द्यायचे. काही झालं असेल तर तार गावालाच जाणार, असं मनात आलं आणि मी ते बाहेर ढकललं. ते परत आलं.

रविवारी सकाळी मी ज्वारी निवडत बसले होते. दारात जीप थांबली. गावाकडची भाड्याची जीप, आत बायका कोंबलेल्या, मागं पुरुष लोंबकळलेले. पुरुष खाली उतरले आणि डोक्यावर टॉवेल टाकून समोरच्या भिंतीला टेकून बसले. मी सूप हातात घेऊन उभी राहिले. मग बायका उतरल्या आणि जीपपासूनच हेल काढला.

“कसा गेलास रं माज्या राजा! भरला संसार टाकून कसा गेलास रं!”

मला वाटलं, जमीन पायाखालून सरकली म्हणतात ते हेच. तार गावाला आली. ह्यांचं झालं. पुढं काही ऐकू येईना. चुलतसासू माझ्या गळ्यात पडली, मी तिच्या गळ्यात पडले. सूप पडलं, अंगणभर ज्वारी झाली. कधी गेले, कशानं गेले, कुठं आहेत, हे विचारायला तोंड उघडलं तर त्यातून नुसता आवाज निघाला. आणि आमच्यात अशा वेळी कुणी कुणाला काही विचारत नाही, सांगतही नाही. आधी रडायचं. त्या माझ्यासाठी रडत होत्या, मी त्यांच्या रडण्यावर रडत होते. माझ्या डोळ्यांपुढे रिक्षातून हललेला तेवढा हात होता.

मग भावकीतल्या एका वयस्कर बाईनं माझं मनगट धरलं. मी खाली पाहिलं. माझ्या हिरव्या बांगड्या तिच्या मुठीत होत्या. तेवढ्यात चुलतसासूनं माझ्या गळ्यातून मान काढली, माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचं रडणंच थांबलं.

“आम्हाला मातीला बी बोलावलं नाय,” ती म्हणाली, “अन् कपाळाला कुंकू तसंच? आठ दिस झाले गं माणूस जाऊन!”

आठ दिवस? आठ दिवसांपूर्वी तर हे इथंच, मोरीत दाढी करत गाणं म्हणत होते. मला काही कळेना. मी फक्त दोन्ही हात काखेत घालून घेतले आणि ओरडले, “हात लावू नका मला!”

सासूबाई सगळ्यांत शेवटी जीपमधून उतरल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्या पुढे आल्या आणि त्या बाईला बाजूला सारलं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “कुणी पाह्यलं माज्या लेकाला?”

त्या एकेकीच्या तोंडाकडे बघत गेल्या.

“मढं कुणी पाह्यलं? डोळ्यानं पाह्यल्याबिगर बांगडी फुटायची नाय.”

हे त्या उगाच म्हणत नव्हत्या. रझाकारांच्या काळात त्यांचे वडील निजामाशी लढायला सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात गेले होते. कुणीतरी बातमी आणली की त्यांना गोळी लागली. गावानं त्यांना रडून घेतलं, सासूबाईंच्या आईच्या बांगड्या फोडल्या. आणि पोलीस ॲक्शननंतर ते दाढी वाढलेले, चालत घरी आले. आईला पुन्हा हिरवा चुडा भरला. पण पुढं आयुष्यभर कुणी तिच्या मनगटाला हात लावला की ती दचकायची. सासूबाई तेव्हा परकरी पोर होत्या. आईच्या पायाशी पडलेल्या काचा त्यांनीच वेचल्या होत्या.

“म्या पाह्यला की,” चुलतसासू म्हणाली, पण आवाज खाली गेला होता. “फोटू. हार घातलेला. तिथं, ट्रंकेवर.”

“ट्रंकेवर काही नाही,” मी म्हटलं. “फोटो कपाटामागं आहे.”

तोवर रडणं ऐकून भाभी धावत आल्या होत्या. त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं. मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आदल्या दिवशी ड्रम भरून वाहिला होता, पाणी कपाटाखाली शिरलं होतं. भिजू नये म्हणून त्यांनी चौकट उचलून ट्रंकेवर उभी केली, पदरानं पुसली. फरशी वाळल्यावर होती तिथं ठेवून दिली. “जित्ते आदमी का फोटू पानी में कैसा रहने देना!” त्या म्हणाल्या. “और हार तो सनीमावालों ने डाला ना, मैं समझी सत्कार का है.”

“अन् म्या तुला इचारलं, कवा झालं,” चुलतसासू म्हणाली.

“हौ. मैं बोली, आठ दिन हो गये. पूरा मोहल्ला देखने कू आया था.” फोटो स्कूटरवरून मिरवत घरी आला त्याबद्दल सांगत होत्या भाभी! चुलतसासूला ती अंत्ययात्रा वाटली होती.

सासूबाईंनी चौकट बाहेर आणायला लावली. उन्हात धरून पाहिली. “ह्यो तर तुमच्या लग्नाचा फोटू,” त्या म्हणाल्या. मग माझ्या शालूच्या त्या तुकड्यावर बोट ठेवून, “अन् हिला कुणी कापलं?”

बायका हसायला लागल्या. पुरुषांनी डोक्यावरचे टॉवेल काढले. मला हसू येत नव्हतं. फोटोचा उलगडा झाला होता, माणसाचा कुठं झाला होता? हे तिसऱ्या दिवशीही आलेले नव्हतेच. मी कॅलेंडरवर लिहून ठेवलेला पुण्याच्या स्टुडिओचा नंबर घेतला आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे निघाले. सासूबाई माझ्यामागून आल्या.

नंबर लागत नव्हता. लागला तर कुणी उचलेना. उचलला तर ‘बघतो’ म्हणून कुणीतरी रिसीव्हर टेबलावर ठेवून गेलं. त्या रिकाम्या रिसीव्हरमधून लांबवर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज येत होता, आणि मी देवाशी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

“हॅलो,” हे म्हणाले.

मी रिसीव्हर कानाशी दाबून धरला. हे ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. शेवटी मी म्हटलं, “आहात ना?”

“आहे कसला! मेलो मी,” हे म्हणाले. “माझा प्रसंग कापला. लांबी वाढत होती म्हणे. इथं आल्यावर सांगितलं. तीन दिवस बाकावर बसून आहे, दिग्दर्शकाचं मन फिरेल म्हणून. नुसता फोटो उरला बघ माझा.”

मी बूथमधून बाहेर ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडले, “पुन्हा मेलो म्हणालात तर बघा!” आणि मग रडायलाच लागले. ह्यांना वाटलं, प्रसंग कापला म्हणून रडतेय. माझी समजूत घालायला लागले, पुढच्या सिनेमात बघू म्हणाले.

“ते वाक्य म्हणा तुमचं,” मी म्हटलं.

“आता कशाला?”

“आई आहेत इथं. त्यांनी ऐकलेलं नाही.”

सासूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मी बाहेरून कान लावला. पलीकडे घसा साफ केल्याचा आवाज आला.

“जातो बाळा...” हे म्हणाले आणि थांबले. मग त्यांच्या साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले, “येतो. दार लोटून घे.”

“ये बाबा,” सासूबाई म्हणाल्या. “लवकर ये.”

“आई? तू शहरात कशी काय?”

“तुझ्या मातीला आले व्हते,” त्या म्हणाल्या, आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन बूथच्या पायरीवर बसून, पहिल्यांदा, रडल्या.

घरी परतलो तर दारात दुरडी ठेवलेली. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून नातलग घरून भाकरी-वरण घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. आता जित्या माणसाच्या घरी कडू घास खायचा कसा? चुलतसासू मान खाली घालून बसली होती. सासूबाईंनी गुळाची ढेप मागितली, फोडली आणि प्रत्येक भाकरीवर खडा ठेवला. “रडलो ते वाया नाय गेलं,” त्या तिला म्हणाल्या. “कुणाच्या डोस्क्याला कावळा शिवला तर अरिष्ट टळावं म्हनून तो मेल्याची खोटी खबर आपुन धाडतोच की. जित्याला रडलं की त्याचं वय वाढतं.” मग सगळ्यांनी अंगणात बसून जेवून घेतलं, भाभींनीसुद्धा. हे संध्याकाळी दारात उभे राहीपर्यंत मी मात्र घास घेतला नाही.

सिनेमा आमच्याकडे लागला तेव्हा तीच जीप करून सगळं गाव आलं. एक रांगच्या रांग आमची होती. भाभी बुरख्यातून पापड खात होत्या. भिंतीवर हे आले, हार घातलेले, खांद्याशी माझा काठ. हिरो फोटोपुढे हात जोडून मुलीचा हात मागायला लागला आणि थिएटर हसून हसून कोसळलं. तेवढ्यात आमच्या रांगेतून हुंदका आला. चुलतसासू. तिच्या शेजारची दुसरी. मग सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. हे शरमेनं अर्धे झाले. “काकू, अहो, विनोदी आहे हा सिनेमा! इथं हसायचंय.”

“तू गप,” सासूबाई म्हणाल्या. “तू भिंतीवर हायेस.”

हे माझ्याकडे वळले, निदान तू तरी हस, अशा तोंडानं. पडद्यावर फोटो पुन्हा आला होता, भिंतीएवढा. मी अंधारात ह्यांचं मनगट धरलं, नाडी लागते तिथं, आणि पोटभर रडून घेतलं.